बोट वाकवून दाखवायचं

रानोहिरा, १९ मे

दादा,

आधी बातमी सांगते, ख्यालीखुशाली मागून. उलटं केलं तर तू मधेच कागदाची घडी घालून खिशात टाकशील. बाबांना वर न्यायचं ठरलं.

काल काकांनी सगळ्यांना कुळाच्या खांबापाशी बोलावलं. ईशान्येला, पूर्वजांच्या दिशेला, रमचे चार थेंब शिंपडले आणि सांगितलं की सात वर्षं झाली, हाडं कोरडी झाली, आता भाऊ कड्याच्या पायथ्याच्या दगडांत पडून राहायला नको, वर गुहेत पूर्वजांजवळ जायला हवा. ऑगस्टचा दुसरा शनिवार धरलाय. सात वर्षं मी दरीत जाताना बाबांच्या दगडांपासून लांबून वळसा घालते आणि मनात म्हणते, थांबा, थोडेच दिवस. आता खरंच थोडेच दिवस उरले. कालपासून माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत. सकाळी दोन गोऱ्या पाहुण्यांना मी डोहाऐवजी लेमुरांच्या घळीत घेऊन गेले आणि तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. ते बिचारे पोहायचे कपडे घालून लेमूर बघत उभे.

आई तर वीस वर्षांची झाली आहे. तापियाच्या झाडांवरचे रेशमी कोष ती सात वर्षं गोळा करत होती, तुला ठाऊक नसेल. त्याचं कापड आता विणायला टाकलंय. मातकट रंगाचं, जाड, बाबांना आवडलं असतं असं. काकांनी बैल निवडलाय, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आणि रेमोसा रोज येऊन शिव्या देऊन जातो. तो आपला ज़िवा, त्याच्या कुळाला आपल्या कुळाची टिंगल करायचा जन्मजात हक्क, आणि म्हातारा त्या हक्काचं एक दिवस नुकसान होऊ देत नाही. काल म्हणाला, "तुझा बाप आयुष्यभर आमचे बैल चोरून खात आला. हाडांतसुद्धा चरबी असेल. एकट्याच्याने उचलणार नाहीत, ट्रक बोलवा."

तर उचलण्याबद्दलच लिहायचं आहे. थोरल्या मुलानेच पाठीवर घेऊन चढायचं असतं. मुलगा नसला तर हाडं खालीच राहतात, पुढचा योग येईल तेव्हा बघायचं. आणि बाबांना मुलगा एकच.

बाबांचा शब्द मला पाठ आहे. तू घरातून निघालास तेव्हा मी दाराआडच होते. "ज्या हाताने माझे बाप-आजे परक्यांना बोटाने दाखवले, तो हात माझ्या हाडांना लागणार नाही. त्या हाताला आमच्या कड्यात जागा नाही." काका म्हणतात, शब्द कितीही कडक असला तरी धुता येतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याने खांबाला हात लावून आपल्या तोंडाने ती सांगायची, मग काका पाणी शिंपडतील. दोन मिनिटांचं काम आहे, दादा. ये आणि सांगून टाक.

फोनवर माझा आवाज ऐकून तू तीनदा फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. लान्तो ड्रायव्हर राजधानीपर्यंत नेईल, पुढे त्याचा मेहुणा माहाजांगाच्या गाडीवर आहे. तू तिथल्या बंदरात शिडांच्या बोटींवर दोर बांधतोस असं लान्तोने सांगितलं. दोर काय तुझ्या हातातलाच. आपल्या कड्यावर तुझ्याइतकं सरसर चढणारं अजून कुणी जन्मलं नाही.

आणि हो, तुझं चांदीचं वळं आईच्या पेटीत सापडलं. आलास की देईन.

तुझी वोलासोआ


रानोहिरा, ८ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. लान्तो म्हणतो, मेहुण्याने पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते तिथेच उभा राहून वाचलंस आणि पुन्हा दोर वळत बसलास. वाचलंस ना, मग मला पुरे.

इथे हत्तीपायाची झुडपं अजून सुकलेली आहेत, फुलं यायला अवकाश आहे, पण गाव मात्र आत्ताच सणासारखं झालंय. लोकांगा वाजवणारे तिघे ठरले. एकाच्या लोकांगाला दोनच तारा आहेत, तिसरी तो ऑगस्टपर्यंत आणतो म्हणाला. काकांची सून पाहुण्यांसाठी चुलीच्या जागा मोजत फिरते. सगळे मला विचारतात, दादा येणार ना. मी प्रत्येकाला हो म्हणते. माझ्या हो म्हणण्यावर आता बैल ठरलाय, तेव्हा मला खोटी पाडू नकोस.

परवा मी राजधानीच्या एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंना दरीत घेऊन गेले. शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत बसल्या. आयुष्यभर मुलांना नकाशावर इसालोचे डोंगर दाखवत आले, म्हणाल्या, म्हटलं एकदा नकाशातून बाहेर बघावं. उन्हात लाल झालेले कडे बघून त्या दर वळणावर माझा हात धरून "अगं बाई" म्हणायला लागल्या. मला इतका आनंद झाला, दादा. आपल्या दगडांचं कुणी कौतुक केलं की मला अजून स्वतःचं केल्यासारखं वाटतं.

मी नेहमीसारखं सांगितलं की इथे थडग्यांकडे बोट करायचं असेल तर ते वाकवून करायचं, सरळ बोट दाखवायचं नाही, निषिद्ध आहे. बाईंनी हात वर केला. संधिवाताने त्यांचं बोट आपोआपच आकड्यासारखं झालेलं. म्हणाल्या, "बघ, मी आधीपासूनच तुमच्यातली." मी पोट धरून हसले. मग त्यांनी विचारलं, सरळ दाखवलं तर काय होतं. मी चार वर्षं सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, बोट गळून पडतं. तेव्हा त्या मास्तरांच्या आवाजात म्हणाल्या, "तू कुणाचं गळलेलं पाहिलंस का?"

मी पाहिलं नाही म्हटलं. आणि दादा, तसं म्हणताना मी हात कमरेच्या कापडात लपवले. का लपवले ते तुला ठाऊक आहे.

बाई जाताना मला म्हणाल्या की आमच्याकडे आम्ही पूर्वजांना बाहेर काढून नाचतो, तुम्ही उचलून वर चढवता, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. घरातलं माणूस कमी असलं तर मेलेल्यांना कळतं. मी त्यांना डोहाजवळचा रस्ता दाखवला आणि बोलणं बदललं.

वळं आईच्या पेटीत नव्हतं. तू जाताना काढून टाकलंस तेव्हापासून ते माझ्याकडेच होतं, नऊ वर्षं, तांदळाच्या मडक्याखाली. एवढं आज लिहिते.

वोला


रानोहिरा, २३ जून

दादा,

लान्तोने तुझा निरोप आणला. त्याने दोनदा पाठ केला होता, एक शब्द चुकू नये म्हणून. "वोलाला सांग, खांबाला हात लावून मी खोटं बोलणार नाही."

लान्तोला वाटलं, तू येत नाहीस एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याने माझी समजूत काढायला खिशातून केळं काढून दिलं. मी ते गाडीच्या सावलीत उभी राहून खाल्लं आणि रडले, आणि त्याला वाटलं केळ्यामुळे. माणूस चांगला आहे तो.

तू बरोबर आहेस. मी पहिल्या पत्रात तुला काय लिहिलं ते आठवून मला स्वतःचीच शिसारी येते. चूक माझी आणि तिची कबुली द्यायला तुला बाराशे किलोमीटरवरून बोलावते, तेही दोन मिनिटांचं काम म्हणून. नऊ वर्षं मी हे इतकं नीट झाकून ठेवलं की झाकण म्हणजेच खरं असं मला वाटायला लागलं होतं.

आता एकदा सगळं लिहून काढते. तू त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन डोहावर निघाला होतास. त्यांतली ती टोपीवाली बाई दमली म्हणून तू मला तिच्यापाशी सावलीत बसवलंस. पोहताना हरवेल म्हणून वळं काढून माझ्या मांडीवर टाकलंस. मी चौदा वर्षांची होते आणि मला मोठं दिसायचं होतं. तू दिसेनासा झालास तसं मी ते घातलं. ते कोपरापर्यंत घसरायचं, म्हणून मी त्याखाली गवत कोंबलं. बाईने विचारलं, तुमच्या लोकांची थडगी कुठे असतात. मला तिच्या भाषेतलं तेवढं वाक्य कळलं आणि ते कळल्याचाच आनंद एवढा झाला की बोट वाकवायचं मी विसरले. सरळ वर केलं. तिने फोटो काढला. मला वाटलं कड्याचा काढला.

पुढच्या वर्षी सायकलवाल्याच्या दुकानात दिनदर्शिका लागली आणि जुलैच्या पानावर आपला कडा, आणि कोपऱ्यात एक हात, बोट सरळ, वर चांदीचं वळं. बाबांनी वळं ओळखलं. सगळ्या रानोहिरात तसं वळं एकच होतं. त्यांनी मनगट बघितलंच नाही, नाहीतर ते किती काटकुळं आहे हे त्यांना दिसलं असतं.

तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी खाली बघितलं. तू "मी दाखवलं" असं कधीच म्हणाला नाहीस, हे मला आत्ता तुझ्या निरोपामुळे लक्षात आलं. तू फक्त "मी नाही" असं म्हणाला नाहीस. मला वाटायचं, तू मला वाचवलंस. आज वाटतं, तू त्या दिवसापासून वाट बघत होतास की ही पोरगी कधी बोलते. म्हणून फोन ठेवत होतास. माझा आवाज यायचा आणि त्या आवाजात ते नसायचं.

भीती कशाची वाटली ते सांगते. बाबांची नाही वाटली. कड्यात जागा नाही, याची वाटली. मेल्यावर सगळे वर एकत्र आणि मी एकटीच कुठेतरी रस्त्याच्या कडेला, हे मला पंधराव्या वर्षी दिसलं आणि त्यानंतर कुठल्याच वर्षी दिसायचं थांबलं नाही. ते मी तुला देऊन टाकलं आणि तू तेवढ्या दूर ते घेऊन राहिलास, समुद्राकाठी, जिथे आपलं कुणीही पुरलेलं नाही.

मी काकांना सांगणार आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत सांगितलेलं असेल.

वोला


रानोहिरा, १४ जुलै

दादा,

सांगितलं.

मला वाटलं होतं काका एकटे सापडतील. पण रविवारी खांबापाशी गेले तर बैलाला बघायला अर्धं गाव जमलेलं. मी परत फिरणार होते. रेमोसाने मला बघितलं आणि ओरडला, "आली बघा, बापासारखीच, काम दिसलं की पाठ फिरवते." त्या म्हाताऱ्याचं खरं ठरायला नको म्हणून मी पुन्हा वळले, आणि वळलेच तर खांबापर्यंत गेले, आणि खांबाला हात लागल्यावर मला थांबताच आलं नाही. वळं, गवत, बोट, सगळं सांगितलं. वळं काढून खांबाच्या बुडाशी ठेवलं. बोलताना मला एक विचित्र गोष्ट जाणवली, दादा. आतून मला हलकं हलकं वाटत होतं, डोहात उडी मारायच्या आधी वाटतं तसं.

आई उठून घरात गेली. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. जेवायला वाढते, भाताच्या खरपुडीचं पाणी देते, पण तुझं नाव घेऊन स्वतःशी पुटपुटते. नऊ वर्षं तिने तुला मनातल्या मनात रागावून घेतलं, आता त्या रागाचं काय करायचं हे तिला सुचत नाहीये.

रेमोसाने पहिल्यांदाच माझी टिंगल केली नाही. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

काकांनी वळं उचलून घेतलं. मग म्हणाले, "शब्द त्या हातावर होता. हात तुझा निघाला. म्हणजे शब्द तुझ्यावर आला." मी पाणी शिंपडा असं म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "धुवायचा की नाही, ते मी ठरवणार नाही. नऊ वर्षं तो ज्याने वाहिला त्याला विचारायचं. तुझा दादा त्सिवेरी सांगेल तसं."

तेव्हा आता असं आहे. बाबांच्या हाडांना मी हात लावायचा नाही. आपल्या कड्यात मला जागा नाही. तुझे हात मोकळे आहेत, तुझी जागाही मोकळी आहे, आजोबांच्या शेजारची. हे सगळं गावासमोर बोलून झालंय, आता त्यात बदल नाही. माझ्याबद्दल तू काय ठरवशील ते ठरव, त्यासाठी मी तुला काही लिहिणार नाही. लिहिलं तर ते मागणं होईल.

फक्त ये. आईचं कापड विणून झालंय. काल तिने ते उन्हात पसरलं तर रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. तू आलास तर मी गावाबाहेर गाडीच्या थांब्यावर उभी राहीन आणि तुला नको असेल तर दिसणारही नाही.

तिसरी तार अजून आलेली नाही.

वोला


रानोहिरा, २० ऑगस्ट

दादा,

अक्षराला हसू नकोस. का असं आलंय ते कळेलच.

सोमवारी तू गेलास आणि घर एकदम मोठं झालं. आई तुझ्या चटईवरची घडी मोडू देत नाही. रेमोसा दोन दिवस येऊन दारात उभा राहतो आणि शिव्या द्यायला तूच नाहीस म्हणून तक्रार करतो. मी त्याला म्हटलं, मी आहे ना. तर म्हणतो, तुला शिव्या देऊन देऊन घसा बसला, जरा चढणाऱ्याला देऊ दे.

चार दिवस आपण एका घरात होतो आणि आपण धड बोललो नाही. पाहुणे, बैल, भात, नाचणाऱ्यांची धूळ, सगळ्यांना तुझ्या खांद्याला हात लावायचा होता. मी दुरून बघत होते. तू बारीक झालास आणि तुझे हात दोराने काळे पडलेत. तुझ्या हातात वळं दिसलं तेव्हा मी चुलीकडे वळले.

पण खरं कारण वेगळं आहे पत्राचं. शनिवारी तू कड्यावर होतास, तुझं तोंड दगडाकडे होतं, आणि खाली काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नसणार. प्रत्येकजण आपापलं सांगतो. म्हणून मी सांगते.

तू दोर मागितलास आणि टोकाशी मी हवी म्हणालास, तेव्हा काकांचा मोठा मुलगा पुटपुटला की हिच्यावर शब्द आहे, हिने लांब उभं राहावं, आणि बाईच्या हातात दोर कधी देतात का. मी पण मागे सरकले होते. तेव्हा काका जे म्हणाले ते तू ऐकलं नसशील, तू कमरेला गाठ मारत होतास. ते म्हणाले, "भावाचा शब्द हाडांबद्दल होता, मीच साक्षीला होतो. दोराबद्दल तो काही बोलला नव्हता." आणि रेमोसा लगेच, "बोलला असता तरी चुकीचंच बोलला असता, त्याच्या अकलेप्रमाणे." सगळे हसले आणि दोर माझ्या हातात आला. दोर वर गुहेच्या तोंडाशी खडकावरून फिरवून खाली आणलेला, पुढे चार बाप्ये, शेवटी मी, टोक माझ्या कमरेभोवती दोन वेढे.

मग तू माझ्याजवळ आलास. पाठीवर बाबा, आईच्या कापडात बांधलेले, छातीवर गाठी. माझी मूठ तपासलीस, अंगठा आत घालायला लावलास. आणि नऊ वर्षांत माझ्याशी पहिलं वाक्य बोललास.

"वोला, ढील द्यायची नाही. आणि मी पडलो तर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

हसावं की रडावं ते मला कळलं नाही, आणि दोन्ही करायला हात मोकळे नव्हते.

तू चढायला लागलास तसा लोकांगा सुरू झाला. तिसरी तार आली होती, तुला कळलं का? शुक्रवारी संध्याकाळी आली, इलाकाका गावच्या बाजारातून. आई बसायला तयार नव्हती. मान वर करून उभी, आणि तुझा पाय प्रत्येक वेळी नव्या खाचेत गेला की ती स्वतःचा पाय उचलायची. ऊन सगळं कड्यावर होतं. तो इतका लाल मी रोज बघते तरी कधी बघितलेला नाही. तिथे दरीच्या तोंडाशी सहा पर्यटक लांब थांबले होते, त्यांच्या वाटाड्याने त्यांना पुढे येऊ दिलं नाही आणि कॅमेरे खाली ठेवायला लावले. मला त्याचा अभिमान वाटला, मीच त्याला शिकवलंय.

गुहेच्या तोंडापासून तू दीड माणूस खाली असशील तेव्हा तुझ्या उजव्या पायाखालचा दगड सुटला. वाळूच तो, कधी सुटेल नेम नाही. तू आपटलास ते मी बघितलं नाही, मला फक्त दोर जाणवला. पुढच्या चौघांच्या हातून तो सुटला, दादा. सुटलाच. मग तो माझ्या मुठीतून पळायला लागला आणि मी मूठ उघडली नाही. एवढंच मी केलं. टाचा मातीत रुतल्या, कमरेचे वेढे आवळले आणि तू थांबलास. वरून लाल धूळ आमच्या तोंडावर पडत राहिली.  मग दोरावरचं वजन हललं, तू पाय टेकलास आणि पुन्हा चढायला लागलास, आणि लोकांगावाले जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा सुरू झाले.

तू गुहेत शिरल्यावर काकांनी माझी मूठ सोडवली. ती आपण होऊन उघडत नव्हती. अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी दोराबरोबर गेली होती, पेरापासून पेरापर्यंत. तेच बोट. काकांनी ते हातात धरून आधी एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. मग म्हणाले, "घेतलं त्यांनी. जेवढं घ्यायचं तेवढं घेतलं." आई आली. तिने कापडाचं टोक फाडून बोटावर गुंडाळलं, बाबांच्या कापडातून उरलेलं रेशीम होतं ते. गाठ मारताना ती म्हणाली, "दुखतंय का?" महिन्याभराने ती माझ्याशी माणसासारखं बोलली, म्हणून मी नाही म्हटलं. दुखत होतं भयंकर.

आता राहिलं शेवटचं. सकाळी खांबापाशी काकांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, हिच्यावरचा शब्द धुवायचा का. आणि तू म्हणालास, "वर जाऊन सांगतो." गाव तेव्हापासून कुजबुजत होतं. कुणी म्हणालं तू बाबांना विचारणार, कुणी म्हणालं तू टाळतोयस.  मला वाटलं, तू नाही म्हणालास तरी ते बरोबरच असेल, आणि बाबा वर पोचले, हे तर माझ्याकडून कुणी काढून घेणार नाही.

तू गुहेच्या तोंडाशी आलास तेव्हा पाठ रिकामी होती. खालून तू एवढासा दिसत होतास. काकांनी पाण्याची वाटी हातात घेतली आणि ओरडून विचारलं, "काय म्हणतोस?" सगळ्यांनी माना वर केल्या.  

मग तू हात वर केलास. मागे गुहेकडे केलास, आजोबांकडे, बाबांकडे, आणि मग खाली माझ्याकडे. दोन्ही वेळा बोट वाकवून.

जिवंत माणसाकडे कुणी बोट वाकवून दाखवत नाही, दादा. ते फक्त कड्यातल्या माणसांसाठी असतं. क्षणभर कुणाला कळलंच नाही. सगळ्यात आधी रेमोसाला कळलं. तो एवढ्या मोठ्याने हसला की दरीतून परत ऐकू आलं. म्हणाला, "झालं, हिची जागा बुक झाली. आता मरायची घाई करू नकोस म्हणावं, आम्हाला अजून शिव्या द्यायच्या आहेत." काकांनी पाणी माझ्या डोक्यावर शिंपडलं नाही, ओतलं, अख्खी वाटी. आई मला धरून रडत होती, लोकांगावाले नाचाचं वाजवायला लागले आणि माझ्या नाकातोंडात पाणी गेलं.

मी तुला उत्तर म्हणून हात वर केला होता, ते तुला वरून दिसलं असेल. कुणी नंतर तुला सांगेल की वोलाने किती शहाण्यासारखं बोट वाकवून दाखवलं. तसं काही नव्हतं. आईने पट्टी घट्ट बांधली होती आणि ते बोट सरळ होतच नव्हतं. अजूनही होत नाही. काल पाहुण्यांना दरी दाखवताना मी बघितलं, ते आता आपणहून वाकतं.

तुझी,
वोला